माहेरी कुणाला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला होता का, तेही विचारा: महाराष्ट्रातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. एका मोठ्या रुग्णालयातल्या टिश्यू टायपिंगच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. किडनी बदलायची ठरली की रुग्ण आणि दाता यांचं एचएलए, म्हणजे प्रतिकारशक्तीची वारशाने येणारी जनुकं, जुळतं का ते पाहायचं, हे आमचं काम. रक्त द्यायला आलेली भावंडं बाकावर बसलेली असायची. कुणाचं जुळेल, कुणाचं नाही, याचीच चर्चा चालायची. गावाकडून आलेल्या माणसालाही दोन फेऱ्यांत एचएलए हा शब्द पाठ होत असे. हीच जनुकं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाबतीतही आपलं काम करत असतात, हे मात्र त्याच इमारतीतल्या स्त्रीरोग विभागात कुणा बाईला कुणी समजावून सांगितल्याचं माझ्या कानावर कधी आलं नाही. म्हणून हे पत्र.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालेली बाई तुमच्यासमोर बसते आणि विचारते, "मलाच का झाला?" तिला पूर्ण उत्तर द्या, एवढंच मला मागायचं आहे. आणि त्या उत्तराचा उपयोग तिच्या बहिणींना आणि मुलींना तपासणीला आणण्यासाठी करा. त्यांना घाबरवण्यासाठी ते कुणी वापरू नये, याचीही काळजी तुम्हालाच घ्यावी लागेल. दोन्ही गोष्टी सविस्तर लिहिते.

आज तिला जे उत्तर मिळतं ते खरं असतं, पण अर्धं असतं. "एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून येतो." हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने जर्मनीत १९८३ साली या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठीतून वेगळा केला, पुढच्याच वर्षी १८ क्रमांकाचा. २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात. यात वाद नाही. पण ओपीडीत, बाहेर रांग लागलेली असताना, नवरा किंवा सासू शेजारी उभी असताना हे दोन वाक्यांत सांगितलं गेलं की ऐकणाऱ्यांच्या मनात लगेच एक हिशेब सुरू होतो. कुणाकडून आला? कधी आला? बाई गप्प होते. घरी गेल्यावर काय होतं ते तुम्हाला दिसत नाही.

ही बदनामी फार जुनी आहे. इटलीतल्या व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळून दोमेनिको रिगोनी-स्टर्न या डॉक्टराने १८४२ मध्ये लिहिलं की, गर्भाशयाचा कॅन्सर लग्न झालेल्या बायकांत आढळतो आणि मठातल्या जोगिणींत जवळजवळ नाहीच. निरीक्षण बरोबर होतं. त्यातून शरीरसंबंधाने पसरणाऱ्या कारणाचा शोध सुरू झाला, हेही बरं झालं. पण त्या नोंदींमध्ये रुग्ण होत्या त्या चारचौघींसारख्या लग्नाच्या बायका. एका नवऱ्याशी संसार केलेली बाईसुद्धा या रोगाने जाते, हे व्हेरोनात जितकं खरं होतं तितकंच आज लातूरला आणि नंदुरबारला खरं आहे.

उरलेलं अर्धं उत्तर असं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना, बायकांना आणि पुरुषांना, आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही गाठतोच. त्यातल्या बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत निघून जातो, त्यांना कळतही नाही. थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो. त्यांच्यातल्याही काहींमध्येच, दहा-वीस वर्षांनी, कॅन्सर होतो. म्हणजे विषाणू कुठून आला, हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना सारखाच लागू आहे. एका बाईला दुसरीपासून वेगळं करणारा प्रश्न आहे तो गेला का नाही, हा. आणि तिथे वारशाने आलेली प्रतिकारशक्तीची जनुकं येतात.

तुम्ही हे वैद्यकीय महाविद्यालयात शिकला आहात. तरी पत्र खुलं आहे, इतरही वाचतील, म्हणून थोडं उलगडून लिहिते. एचपीव्ही रक्तात फिरत नाही. गर्भाशयमुखाच्या त्वचेच्या थरांत तो राहतो, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही, त्यामुळे शरीराच्या संरक्षण यंत्रणेला त्याची चाहूलच उशिरा लागते. ती लागण्यासाठी कुणीतरी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींना, दाखवावे लागतात. हे दाखवण्याचं काम एचएलएचे रेणू करतात. प्रत्येक रेणूला एक खाच असते, त्या खाचेत प्रथिनाचा छोटा तुकडा बसतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर येतो. एचएलएच्या ए, बी आणि सी या गटातले रेणू शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींवर असतात. डीआर, डीक्यू आणि डीपी हे रेणू मुख्यतः संरक्षण यंत्रणेच्या खास पेशींवर असतात आणि मदतनीस टी-पेशींना जागं करतात.

या खाचेचा आकार माणसागणिक वेगळा असतो. सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर ही जनुकं दाटीवाटीने बसलेली आहेत आणि त्यांचे हजारो प्रकार आतापर्यंत नोंदले गेले आहेत. एखाद्या प्रकाराच्या खाचेत विषाणूच्या ई-६ किंवा ई-७ या प्रथिनांचे तुकडे नीट बसतात, दुसऱ्या प्रकारात बसत नाहीत. ही दोन प्रथिनंच कॅन्सर घडवतात. ई-६ आपल्या पेशीतलं पी-५३ हे रक्षक प्रथिन नष्ट करतं, ई-७ पेशीच्या विभाजनावरचा दुसरा लगाम सोडतं. ज्या बाईचे एचएलए या तुकड्यांना घट्ट धरून दाखवतात तिच्या टी-पेशी लवकर कामाला लागतात. जिचे दाखवू शकत नाहीत, तिच्या शरीरात विषाणूला सवड मिळते. यात तिने केलेलं काही नाही आणि न केलेलंही काही नाही.

हे सगळं तर्काने मांडलेलं नाही, माणसांत पाहिलेलं आहे. स्वीडनमध्ये कॅन्सरच्या नोंदी आणि कुटुंबांच्या नोंदी एकमेकींशी जोडता येतात. त्यांचा उपयोग करून १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि माझ्या मते या विषयावरचा तो सगळ्यात देखणा अभ्यास आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर किंवा त्याची पूर्वावस्था असलेल्या स्त्रियांच्या सख्ख्या आईला आणि सख्ख्या बहिणींना हा आजार होण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट निघालं. सावत्र बहिणींमध्ये, म्हणजे जिथे आई किंवा बाप एकच समान आहे, ते वाढलं होतं पण कमी. आणि दत्तक घेणाऱ्या आईमध्ये, जिथे घर एक पण रक्त वेगळं, तिथे लक्षणीय वाढ दिसली नाही. एकाच घरात राहणं, एकाच चुलीवरचं खाणं, एकाच परिस्थितीत वाढणं यांनी हा फरक समजत नव्हता. रक्ताच्या नात्याने समजत होता.

त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी या रोगाची आनुवंशिकता सुमारे २७ टक्के असल्याचं मांडलं. या आकड्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. एखाद्या बाईच्या आजाराचा २७ टक्के भाग तिच्या आईकडून आला, असं तो म्हणत नाही. स्वीडनच्या लोकांमध्ये या रोगाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला पाव भागाहून थोडा अधिक वारशाच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. जिथे काही बायकांना तपासणी मिळते आणि बहुतेकींना मिळत नाही अशा आपल्या समाजात हा आकडा वेगळा असणार.

नेमकी कोणती जनुकं, याचा शोध त्याआधीच सुरू झाला होता. म्युनिकच्या राइनर वांक आणि क्रिस्टोफ टॉमसन यांनी १९९१ मध्ये एचएलए-डीक्यूच्या एका प्रकाराशी या कॅन्सरचा संबंध दाखवला. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापल्या रुग्णांचे प्रकार तपासले. काही निष्कर्ष जुळले, काही नाहीत. बऱ्याच ठिकाणी पुन्हापुन्हा दिसलं ते असं: डीआरबी१*१३:०१ आणि डीक्यूबी१*०६:०३ ही एचएलए प्रकारांची जोडी जिच्याकडे आहे तिला थोडं संरक्षण, डीआरबी१*१५:०१ आणि डीक्यूबी१*०६:०२ ही जोडी जिच्याकडे आहे तिला थोडी जास्त जोखीम. २०१३ मध्ये उल्फ ग्युलेन्स्टेन यांच्या गटाने हजाराहून अधिक स्वीडिश रुग्णांचं संपूर्ण जनुकसंचाचं सर्वेक्षण केलं, तेव्हा सहाव्या गुणसूत्राच्या याच पट्ट्यात तीन स्वतंत्र जागा हाती लागल्या. त्यातली एक मायका नावाच्या जनुकाजवळ होती. मायका म्हणजे पेशी संकटात सापडली की तिने पृष्ठभागावर उभारायची खूण, जी बघून नॅचरल किलर पेशी तिला मारतात. जोखमीच्या प्रकाराबरोबर या प्रथिनाची तोकडी, अपुरी आवृत्ती येते. त्याच वर्षी चीनमधल्या हान स्त्रियांच्या सर्वेक्षणात एचएलए-डीपीचा भाग पुन्हा वर आला, आणि त्याशिवाय चौथ्या आणि सतराव्या गुणसूत्रांवरच्या आणखी दोन जागा सापडल्या. किर नावाची जनुकं, जी या नॅचरल किलर पेशींना कधी थांबायचं आणि कधी मारायचं ते सांगतात, तीही एचएलएच्या जोडीने जोखीम बदलतात, हे २००५ मध्येच दाखवलं गेलं होतं.

आपल्याकडे मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय रुग्ण स्त्रियांचे एचएलए तपासले आहेत. बी गटातले काही प्रकार रुग्णांमध्ये जास्त आढळले, काही निरोगी स्त्रियांमध्ये. काम मोलाचं आहे, पण स्वीडन-चीनच्या मानाने स्त्रियांची संख्या फार लहान.

आता ज्या भागाची मला खरी काळजी वाटते त्याकडे येते.

हे सगळे परिणाम लहान आहेत. एखादा एचएलए प्रकार जोखीम सव्वापट करतो, एखादा दीडपटीच्या जवळ नेतो, एखादा तिसऱ्या हिश्शाने कमी करतो. बीआरसीए-१ सारख्या जनुकातल्या बिघाडामुळे स्तनाच्या कॅन्सरची आयुष्यभराची शक्यता साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्याच्याशी याची तुलनाच होत नाही. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जोखीम सुमारे सहापट असते. एकदाही तपासणी न होणं हे तर कुठल्याही एचएलए प्रकारापेक्षा कितीतरी मोठं संकट आहे. म्हणजे कारण म्हणून वारसा खरा आहे, पण एखाद्या बाईचं भविष्य सांगायला तो निरुपयोगी आहे. ही दोन वाक्यं एकत्रच सांगावी लागतात. पहिलं सांगून दुसरं गिळलं, तर अनर्थ होतो.

तो कसा होतो याचं एक उदाहरण विज्ञानाच्या जगातलंच आहे. १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये एक निष्कर्ष आला: पी-५३ प्रथिनाच्या ७२व्या जागी आई आणि वडील दोघांकडूनही आर्जिनिन हे अमिनो आम्ल आलेल्या स्त्रियांना हा कॅन्सर होण्याची शक्यता सातपट. कारणही पटण्यासारखं होतं, ई-६ त्या प्रकारच्या पी-५३ला जास्त सहज नष्ट करतं. जगभर धावपळ झाली. एकामागून एक प्रयोगशाळांना तो संबंध सापडेना. पुढे २००९ मध्ये अनेक अभ्यासांतल्या स्त्रियांची माहिती एकत्र करून नीट पाहिली, तेव्हा दर्जेदार अभ्यासांमध्ये तो संबंध उरलाच नाही. मधल्या काळात कुणी त्याची चाचणी काढून विकली असती, आणि एखाद्या घाबरलेल्या बाईने ती केली असती तर?

आणि दुसरं उदाहरण आपल्या दारातलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यापुढे आलं. सरकारने समिती नेमली. ऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यातल्या तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी जणींना अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, एवढ्यावरून "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल" असं सांगितलं गेलं होतं. ऊस तोडायला गेल्यावर खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, घरी पोरं लहान. त्या बाईने हो म्हणायला फार वेळ लागला नाही. तुमच्यातल्याच अनेक डॉक्टरांनी याविरुद्ध तेव्हा आवाज उठवला, हे मी विसरलेले नाही.

आता कल्पना करा की कॅन्सरच्या त्या भीतीला एक नवा, शास्त्रीय वाटणारा आधार मिळाला. "तुझ्या आईला होता. तुझ्या रक्तातच आहे. जीन टेस्टमध्ये आलंय." जनुकीय चाचण्यांची पॅकेजं आता जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली आहेत, आणि रंगीत कागदावर लाल रंगात छापलेली 'वाढीव जोखीम' कुणाच्याही काळजाचं पाणी करते. आई किंवा बहिणीला हा कॅन्सर झाला म्हणून किंवा एचएलएचा अमुक प्रकार निघाला म्हणून कुणाचीही पिशवी काढायची नसते. ज्या बाईची तपासणी सदोष आली तिच्या पूर्वावस्थेवर उपचार करायचे असतात, आणि बहुतेक वेळा ते पिशवी जागेवर ठेवून होतात: थर्मल ॲब्लेशन (तेवढा भाग भाजून), क्रायो (गोठवून) किंवा लीप (विजेच्या तारेने कापून). तुम्ही हे जाणता. पण तुमच्या तोंडून, तुमच्या संघटनांच्या व्यासपीठावरून, ते मराठीत आणि जाहीर सांगितलं गेलं पाहिजे, चाचणी विकणारा आधी पोहोचायच्या आत.

मग जनुकांची ही माहिती ओपीडीत वापरायची तरी कशी? माझ्या मते तिचा एकच साधा उपयोग आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. कुटुंबाचा इतिहास विचारा. स्तनाच्या गाठीसाठी बाई आली की तुम्ही विचारता. गर्भाशयमुखाच्या बाबतीत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, कारण हा 'विषाणूचा' कॅन्सर म्हणून त्याची नोंद वेगळ्या कप्प्यात गेलेली आहे.

आणि विचारताना एक लक्षात ठेवा. "घरात कुणाला कॅन्सर होता का?" असं लग्न झालेल्या बाईला विचारलं की ती सासरचं सांगते. सासूला होता का, जावेला होता का, ते आठवते. कागदावर 'कौटुंबिक इतिहास' म्हणून जे लिहिलं जातं त्यात तिच्या रक्ताचं कुणी नसतंच. टिश्यू टायपिंगला ही चूक परवडत नाही, म्हणून आम्ही नाव घेऊन विचारायचो: तुमची आई, तुमच्या सख्ख्या बहिणी, मावशी, आत्या. आत्यासुद्धा, कारण एचएलएचा एक संच आईकडून येतो तसा दुसरा वडिलांकडून येतो. दोन सख्ख्या बहिणींचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक, एकच संच जुळण्याची चारात दोन, एकही न जुळण्याची चारात एक. म्हणून एका बहिणीला झाला की दुसरीला होणारच, असंही नाही. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. जिथे आत्याच सासू असते तिथे सासूची चौकशीही रक्ताचीच चौकशी ठरते.

माझी मावशी याच आजाराने गेली. तेव्हा माझ्या आजोळी एवढंच बोललं जायचं की तिला 'बायकांचा आजार' होता. माझी आई, तिची सख्खी धाकटी बहीण, तिला कुणी तपासणीला नेलं नाही, सुचवलंही नाही. मावशीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एक वाक्य जरी बोललं असतं, तरी आई गेली असती तपासणीला. बहिणीच्या आजारपणात बायका स्वतःच्या शरीराबद्दल जेवढ्या सावध असतात तेवढ्या एरवी कधीच नसतात.

तुम्ही म्हणाल, आई-बहिणीला हा कॅन्सर होता म्हणून वेगळं वेळापत्रक लावा, असं मार्गदर्शक सूचनांमध्ये नाही. बरोबर आहे, आणि मी तसं मागतही नाही. तिशीनंतर प्रत्येक स्त्रीची एचपीव्ही तपासणी व्हावी, हीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी फक्त १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली होती. शंभरात दोघीसुद्धा नाहीत. दरवर्षी देशात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मरतात. अशा ठिकाणी रुग्ण बाईच्या बहिणीला बोलावणं म्हणजे तिला काही जादा देणं नव्हे, जे सगळ्यांचं आहे ते तिच्यापर्यंत पोहोचवणं आहे. शिवाय एका कुटुंबात दोघींना हा रोग होतो तेव्हा त्यामागे एचएलए असेल, नाहीतर दोघींचंही पंधराव्या-सोळाव्या वर्षी झालेलं लग्न असेल, बाळंतपणं असतील, दवाखान्याचं अंतर असेल. बहिणीला बोलावण्याचं कारण यातलं काहीही असलं तरी टिकतं.

जनुकं न पाहताही काय साधता येतं, हे याच राज्याने जगाला दाखवलं आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या माणसांनी उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह होते. काहींना एचपीव्हीची तपासणी, काहींना पॅप स्मिअर (पेशी खरवडून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), काहींना ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, आणि एका गटाला नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आठ वर्षांत एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेच्या गटाला तपासणी न देण्याबद्दल पुढे प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे होते; पण निम्म्या झालेल्या मृत्यूंचा तो पुरावा नंतर जगभरच्या धोरणांत वापरला गेला. तिथल्या स्त्रियांमध्ये एचएलएचे असंख्य प्रकार असणार. संरक्षण देणारा प्रकार कुणाकडे आणि जोखमीचा कुणाकडे, हे ना त्यांना माहीत होतं ना तपासणाऱ्यांना. कळण्याची गरजच पडली नाही.

लसीचंही तसंच. ती जवळजवळ प्रत्येक मुलीच्या शरीरात प्रतिपिंडं तयार करते, एचएलएचा प्रकार कोणताही असो. विषाणूला पेशीत शिरूच दिलं नाही, तर त्याचे तुकडे खाचेत नीट बसतात की नाही हा प्रश्न उद्भवत नाही. पुण्यात बनलेली लस २०२३ पासून देशात उपलब्ध आहे. रुग्ण बाईची मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असेल तर तिच्या लसीची आठवण करून देण्यासाठी आईच्या उपचारांच्या काळाइतका योग्य काळ दुसरा नाही.

संशोधनाबद्दलही बोलायला हवं, कारण वरचं वाचून कुणाला वाटेल की मला हे संशोधनच नको आहे. मला ते हवं आहे, आपल्या स्त्रियांमध्ये हवं आहे. स्वीडिश आणि चिनी स्त्रियांवरून काढलेली गणितं आपल्याला लावता येत नाहीत. आपल्याकडे शतकानुशतकं लग्नं जातीतच होत आली, त्यामुळे एचएलएचे प्रकार समाजागणिक वेगळ्या प्रमाणात सापडतात, हे मी नोकरीत रोज पाहिलं. 'जिनोम इंडिया' प्रकल्पाने दहा हजारांवर भारतीयांचे जनुकसंच वाचले आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. पण ते निरोगी लोकांचे नमुने आहेत. रुग्ण तुमच्याकडे येतात. तुमच्या नोंदी आणि तुमच्या रुग्णांची संमती असल्याशिवाय आपल्या स्त्रियांच्या शरीरात विषाणू का टिकतो, हे कुणालाच कळणार नाही. उपचारासाठीच्या लशी, म्हणजे विषाणू आधीच असलेल्या बाईच्या टी-पेशींना ई-६ आणि ई-७ ओळखायला शिकवणाऱ्या लशी, बनवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. त्यांच्यासाठी तर कोणत्या लोकांत कोणते एचएलए आहेत, ही माहिती लागतेच. ती आपण दिली नाही तर त्या लशी दुसऱ्यांच्या खाचांना बेतून बनतील.

मात्र संमती म्हणजे भरतीच्या कागदांच्या गठ्ठ्यात सरकवलेला अंगठा नव्हे. नमुना कशासाठी, किती वर्षं ठेवणार, तिला काय कळवणार आणि काय नाही, हे तिच्या बोलीत सांगा. आणि निष्कर्ष छापताना जातीचं नाव जोखमीच्या शेजारी ठेवण्याआधी शंभरदा विचार करा. "अमक्या समाजाच्या बायकांत हा जीन आहे" असं वर्तमानपत्रात आलं की स्थळं बघताना ते बोललं जाईल. जोखीम सव्वापट असल्याचं वाक्य तिथपर्यंत पोहोचणार नाही, समाजाचं नाव तेवढं पोहोचेल.

शेवटी एक विनंती, जी उद्यापासून पाळता येईल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर किंवा त्याच्या पूर्वावस्थेवर उपचार घेऊन बाई घरी निघते तेव्हा तिच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ लिहा: "सख्ख्या बहिणी आणि तीस वर्षांवरील मुली यांनी एचपीव्ही तपासणी करून घ्यावी. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना लस द्यावी." ती मराठीत लिहा आणि सुवाच्य लिहा. कार्ड नवऱ्याच्या हातात देण्याआधी तिला स्वतःला वाचून दाखवा. बहिणी कुठे राहतात ते विचारा, आणि त्यांच्या गावाजवळ ही तपासणी कुठे होते ते त्याच ओळीखाली लिहून द्या.

आपली,
टिश्यू टायपिंग प्रयोगशाळेतली एक निवृत्त तंत्रज्ञ